वर्षभराच्या जेवणापुरती अक्षरं

इजिप्तच्या वाळवंटातल्या केल्लिया नावाच्या वस्तीत चौथ्या शतकाच्या अखेरीस इव्हाग्रियस नावाचा ख्रिस्ती संन्यासी राहत होता. पोटासाठी तो पोथ्यांच्या नकला करून द्यायचा. त्याचा शिष्य पॅलाडियस याने लिहून ठेवलंय की, इव्हाग्रियसचं अक्षर सुबक होतं, पण वर्षभरात आपण जेवढं खातो त्याची किंमत निघेल एवढंच तो लिहायचा. त्यापलीकडचा वेळ प्रार्थनेचा आणि स्वतःच्या लेखनाचा.

जगाची ओळख नसलेल्या भाबड्या माणसाचा हा हिशेब नव्हता. केल्लियाला येण्यापूर्वी तो कॉन्स्टँटिनोपलमध्ये डीकन होता, धर्मचर्चेत तरबेज म्हणून राजधानीत त्याचं नाव झालं होतं. किती मिळवता येतं हे ठाऊक असलेल्या माणसाने 'किती पुरे' हे आधी ठरवलं आणि कामाचे तास त्यावरून काढले.

आज घरी बसून डिझाइन, भाषांतर, चित्रं किंवा संपादनाची कामं घेणारा माणूस हाच हिशेब उलट्या टोकाकडून मांडतो. आधी वेळापत्रक बसवायचं, मग क्लायंट वाढवायचे, आणि त्यातून वेळ उरला तर डोक्यात घोळणाऱ्या ॲपला, फॉण्टला, पुस्तकाला द्यायचा. तो उरत नाही. शिस्तीने वाचवलेल्या तासावर पुढच्या महिन्याचं इनव्हॉइस येऊन बसतं. वेळेचं नियोजन शिकवणारी पुस्तकं 'कसं' ते चांगलं सांगतात. 'किती' हा प्रश्न त्यांच्या कक्षेत येत नाही, कारण तो मुळात धर्माचा आणि तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे.

इव्हाग्रियसने साधकाला छळणारे आठ विचार सांगितले. पुढे पाश्चात्त्य परंपरेतली सात पापांची यादी याच आठांवरून तयार झाली. त्यांतला सगळ्यांत जड म्हणजे अकेदिया, भर दुपारचा राक्षस. सकाळी दहाच्या सुमारास तो येतो आणि दोनपर्यंत मानगुटीवर बसतो. दिवस पन्नास तासांचा वाटू लागतो. माणूस सारखा खिडकीकडे बघतो, बाहेर येऊन सूर्य कुठवर आला ते पाहतो, तीनच्या जेवणाला किती वेळ आहे ते मोजतो. मग राहत्या जागेचा वीट येतो, हातातल्या कामाचा तिटकारा वाटतो, आणि शेवटी राक्षस कानात सांगतो: दुसरीकडे चल, तिथे गरजा सहज भागतील, आणि कमी कष्टाचा, जास्त किफायतीचा धंदाही करता येईल.

आळस म्हटला की लोळणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. इव्हाग्रियसचा माणूस मात्र योजना आखतोय. लोगोच्या चौथ्या रिव्हिजनच्या वेळी सुचलेलं नवं उत्पादन, डेडलाइनच्या आदल्या दुपारी घाईने घेतलेलं डोमेन नेम, कामांची यादी एका ॲपमधून दुसऱ्या ॲपमध्ये हलवण्यात गेलेली सकाळ: या सगळ्यांत हात चालू असतो. म्हणून तर हा राक्षस पकडला जात नाही.

मग स्वतःची प्रत्येक कल्पना म्हणजे दुपारचा राक्षसच की काय? शिकागोच्या '37 सिग्नल्स'चं उदाहरण वेगळं सांगतं. 1999 मध्ये सुरू झालेली ही संस्था इतरांच्या वेबसाइट डिझाइन करून द्यायची. क्लायंटची कामं सांभाळताना निरोपांचा आणि फायलींचा गोंधळ व्हायचा, म्हणून त्यांनी स्वतःपुरतं एक साधन बनवलं. तेच 2004 मध्ये 'बेसकॅम्प' नावाने विक्रीला आलं. क्लायंटची कामं तेव्हाही चालूच होती. बेसकॅम्पची मिळकत त्यांच्यापुढे गेल्यावर ती थांबली. ही कल्पना कामाला कंटाळून पळताना सुचलेली नव्हती, काम करताना हाताला लागलेली होती.

या फरकाची एक खूण इव्हाग्रियसच्याच मांडणीत सापडते. या राक्षसाशी झुंज देऊन जागेवर टिकलेल्याला नंतर शांतता आणि अवर्णनीय आनंद लाभतो, असं तो म्हणतो. तीन वाजता काम हातावेगळं झालं, जेवण झालं, मन निवळलं, आणि तरीही ती कल्पना समोर उभी असेल, तर तिला राक्षस म्हणण्याचं कारण उरत नाही.

इजिप्तच्याच वाळवंटातल्या पॉल नावाच्या संन्याशाची गोष्ट ख्रिस्ती लेखक जॉन कॅसियन सांगतो. पॉल राहायचा तिथून वस्ती सात दिवसांच्या वाटेवर. विणलेला माल तिथवर नेण्याचं भाडं मालाच्या किमतीहून जास्त. तरी तो रोज खजुराची पानं गोळा करून नेमाने काम करायचा आणि वर्षाअखेरीस गुहेत साठलेलं सगळं जाळून टाकायचा. मराठी वाचकाला इथे गीतेचा दुसरा अध्याय आठवणारच: अधिकार कर्मावर, फळावर नाही. पण तिसरा अध्याय लोकसंग्रहाची गोष्ट काढतो. ज्ञानी माणसानेही लोकांसाठी कर्म करत राहावं म्हणतो. पॉलच्या कामाने त्याचं मन ताळ्यावर राहिलं, लोकांच्या हाती मात्र काही लागलं नाही. शिवाय ते जाळणं त्याला परवडलं, कारण खजूर आणि छोटीशी बाग यांवर त्याचं भागत होतं. 'पुरे'चा आकडा त्याचाही आधीच ठरलेला होता.

सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठांसाठी नियम लिहिले आणि दिवसाच्या तासांची वाटणी केली. प्रार्थनेची खूण ऐकू आली की हातातलं काम तिथेच टाकून निघायचं. कारागिराला आपल्या कसबाचा गर्व झाला तर त्याचं ते काम काढून घ्यायचं. मठातला माल बाहेरच्यापेक्षा थोडा स्वस्त विकायचा. 1980 च्या दशकाच्या अखेरीस फ्रांचेस्को चिरिल्लोने टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं टायमर लावून अभ्यास सुरू केला, आणि त्यातून घडलेली पंचवीस मिनिटांची पद्धत जगभर पसरली. टायमर वाजल्यावर तिथेही थांबायचं असतं, पण पुन्हा त्याच कामाला बसण्यासाठी. मठातली खूण माणसाला कामापेक्षा मोठं मानलेल्या गोष्टीकडे बोलवायची.

इव्हाग्रियस 399 मध्ये वारला. 553 च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेच्या सुमारास त्याच्या मतांचा निषेध झाला. त्याचं बरंच लेखन सिरियाक भाषांतरांतून उरलं, आणि प्रार्थनेवरचा ग्रंथ शतकानुशतकं निलस नावाच्या दुसऱ्याच लेखकाचा म्हणून वाचला गेला. ज्या कामासाठी त्याने मजुरीचं काम मर्यादेत ठेवलं, त्यावरचं नावही गेलं. मठातल्या वाचकांचं त्यामुळे काही अडलं नाही. क्लायंटच्या नावावर जाणाऱ्या कामातून बाहेर पडून एक तरी वस्तू स्वतःच्या नावाने बाजारात आणू पाहणाऱ्याचं मात्र अडतं, आणि केल्लियाचा दाखला त्याला अर्धाच उपयोगी पडतो. इव्हाग्रियसला एका पोटाचा हिशेब मांडायचा होता. घरभाडं, मुलांची फी आणि म्हाताऱ्या आईवडिलांची औषधं धरून 'पुरे' किती, हे त्याच्या पोथीत नाही.