घरी राहिलेली बहीण

दोन बहिणींपैकी एक घरी राहिली व दुसरी निघून गेली, तर श्रेय कोणाच्या पदरात घालावयाचे? आपल्याकडील कोणत्याही घरात हा प्रश्न विचारावा, उत्तर तात्काळ मिळेल. आईबापांची उस्तवार जिने केली तिचेच नाव घेतले जाईल. आर्नोल्ड बेनेट या इंग्रज कादंबरीकाराची ‘दि ओल्ड वाइव्ह्‌ज टेल’ ही १९०८ सालची कादंबरी पुन्हा वाचल्यापासून मात्र हे उत्तर आम्हांस तितकेसे सोपे वाटेनासे झाले आहे.

इंग्लंडातील कुंभारकामाच्या मुलखातले बर्स्ली हे कल्पित गाव. तेथे बेन्स कुटुंबाचे कापडाचे दुकान. बाप अर्धांगवायूने अंथरुणास खिळलेला. थोरली कॉन्स्टन्स सोशिक, धाकटी सोफिया मानी व देखणी. एके दिवशी, गावच्या जत्रेतील एका हत्तीला गोळी घालून मारल्यामुळे सारा गाव तो पाहावयास लोटतो. बापाजवळ सोफियास बसविलेले असते. पण जेराल्ड स्केल्स हा फिरता विक्रेता दुकानात आलेला पाहून ती खाली जाते, आणि तेवढ्यात म्हातारा बिछान्यावरून घसरून गतप्राण होतो. हे पातक सोफियाच्या माथी जन्मभर बसते. कॉन्स्टन्स त्या वेळी हत्ती पाहत होती, याची कोणास आठवणही राहत नाही. आता, तिला जाण्याची मोकळीक होती, सोफियास नव्हती, हे आम्ही जाणतो. तथापि एकीचा दोष व दुसरीची निर्दोषता यांत पाळीपलीकडे अंतर किती होते?

पुढे सोफिया त्याच जेराल्डबरोबर पळून जाते. पॅरिसमध्ये तो तिला टाकून देतो. १८७०-७१ च्या वेढ्यात ती भाडेकरू ठेवून निभावते व पुढे एका खाणावळवजा वसतिगृहाची कर्तबगार मालकीण होते. कॉन्स्टन्स दुकानातल्याच पोवीशी लग्न करून त्याच घरात संसार थाटते. तिचा लाडका सिरिल मोठा होऊन लंडनला जातो व आईस जवळजवळ विसरतो.

कॉन्स्टन्सला घर सोडावेसे कधी वाटलेच नाही. ज्याला मोह झाला नाही त्याने मोह जिंकला असे म्हणता येईल काय? उलट बाजूने कोणी म्हणेल, रोजचे काम रोज उरकणाऱ्यास मनातला हेतू विचारणे हा निव्वळ कृतघ्नपणा होय. या आक्षेपाचे वजन आम्हांस नाकारता येत नाही. पण सेवा करणारीने त्या सेवेच्या बळावर बहिणीच्या आयुष्याची न्यायाधीश व्हावे, हे आम्हांस मान्य नाही.

सुमारे तीस वर्षांनी दोघी एकत्र येतात, आणि खरी चढाओढ तेथे सुरू होते. वाटणीचा तंटा कोर्टात तरी मिटतो. येथे वाद ‘कोणाचे जगणे बरोबर’ याचा! सोफिया थोरलीला त्या कोंदट घरातून बाहेर काढू पाहते, बक्स्टनच्या हॉटेलात नेते; थोरली हटून परत घर गाठते. माया दोघींची खरी आहे; म्हणूनच माघार कोणी घेत नाही.

अखेर मँचेस्टरला जाऊन सोफिया जेराल्डचे प्रेत पाहते. तो जीर्ण म्हातारा पाहून तिचा राग कोठच्या कोठे जातो. परतीच्या वाटेवर तिला झटका येतो व ती मरते. कॉन्स्टन्स शोक करते. परंतु आपले आयुष्य तिच्याशी बदलून घ्यावे असे तिच्या मनात येत नाही. सोफियाच्याही मनात ते कधी आले नव्हते.