भाल्याचे चार सेंटिमीटर

आपले नुकसान झाले की आपण चटकन 'अन्याय' हा शब्द उच्चारतो. शाळेत मी तो रोज ऐकतो. बदली झाली, अन्याय. पेपर अवघड निघाला, अन्याय. शेजारच्या मुलाला दोन गुण जास्त पडले, तरी अन्यायच. सीमाभागात वाढलेल्या आपल्या पिढ्यांच्या तोंडी हा शब्द लवकर बसला, आणि त्याला कारणेही तशीच आहेत, हे मी नाकारत नाही. पण ज्याचे नुकसान झाले त्याच्यावर अन्याय झालाच, असे दर वेळी म्हणता येईल काय? या प्रश्नाचा विचार करताना माझ्यासमोर एक भालाफेकपटू येतो. त्याचे नाव उवे होन.

होन पूर्व जर्मनीचा. 1982 मध्ये अथेन्सला तो युरोपीय विजेता झाला. 20 जुलै 1984 रोजी पूर्व बर्लिनमध्ये त्याने भाला फेकला तो 104.80 मीटरवर जाऊन पडला. चारच दिवसांपूर्वी त्याला बावीस वर्षे पूर्ण झाली होती. त्याआधीचा जागतिक विक्रम अमेरिकेच्या टॉम पेट्रानॉफचा, 99.72 मीटरचा. शंभर मीटरच्या पलीकडे भाला टाकणारा होन हा पहिला आणि आजतागायत एकटाच. आमच्या शाळेचे मैदान एका कुंपणापासून दुसऱ्या कुंपणापर्यंत नव्वद मीटरही भरत नाही. तो भाला आमच्याकडे सुटला असता तर पलीकडच्या गल्लीत गेला असता.

(जाता जाता एक गंमत. आपल्या कन्नड शेजाऱ्यांच्या मुलांना भालाफेक म्हटले तर कळत नाही, पण 'ईटी' म्हटले की लगेच कळते. आपल्या जुन्या मराठीतही भाल्याला 'इटा' म्हणत आणि तो बाळगणारा तो इटेकरी. भांडायला दोन भाषा आणि हत्यार मात्र एकच!)

आता प्रश्न असा, की मैदानावर गवताच्या पट्ट्याच्या टोकाला धावपट्टी असते, तिथे धावपटू असतात, त्यांच्या मागे प्रेक्षक बसलेले असतात. आठशे ग्रॅम वजनाचा, लोखंडी टोकाचा भाला तिथपर्यंत पोहोचू लागला तर काय करायचे? दुसरीही एक अडचण होती, आणि तिची चर्चा होनच्या आधीपासून चालू होती. नियम असा, की भाल्याचे टोक जमिनीला आधी लागले पाहिजे. जुना भाला वाऱ्यावर तरंगत जाई आणि पुष्कळदा सपाट पडे. टोक आधी लागले की पोट, यावर पंचांत वाद होत. आंतरराष्ट्रीय महासंघाने शेवटी भालाच बदलला. 1986 च्या एप्रिलपासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर पुढे सरकवला गेला. वजन तेच, पण नाक लवकर खाली झुकू लागले. अंतरे एकदम घटली. विक्रमांची नवी वही उघडली आणि तिच्यातला पहिला विक्रम पश्चिम जर्मनीच्या क्लाउस टाफेलमायरच्या नावावर लागला, 85.74 मीटर. होनचा आकडा जुन्या वहीत राहिला.

बहुतेक लोक इथे थांबून हळहळतात. एवढा मोठा पराक्रम केला, आणि त्याचे बक्षीस काय, तर खेळच बदलून टाकला! मला हे पटत नाही. नियम बदलला तो सगळ्यांसाठी बदलला, पुढच्या काळासाठी बदलला, आणि त्यामागे माणसांच्या जिवाची काळजी होती. होनचा फेक कोणी खोटा ठरवला नाही. तोटा झाला, तोही सर्वांत जास्त त्याचा झाला, हे खरे. तरंगणारा भाला ज्याच्या हातात सर्वांत चांगला बसला होता त्यालाच तो खाली ठेवावा लागला. पण हा तोटा आहे, अपराध नव्हे. गावातून रस्ता जातो तेव्हा कोणाचे तरी अंगण जाते. त्याला भरपाई द्यावी, त्याची आठवण ठेवावी, पण रस्ता करणाऱ्याला चोर म्हणू नये.

भरपाई काय, तर मोजताना प्रामाणिक राहणे. नीरज चोप्राने 2025 मध्ये दोहा येथे 90.23 मीटर फेक केला तेव्हा आमच्या शिक्षकखोलीत एकाने विचारले, की जुना जर्मन शंभरच्या पुढे जातो मग हा का नाही? दोघांच्या हातात वेगवेगळे भाले आहेत, हे सांगितल्याशिवाय ही तुलना करणे दोघांचाही अपमान आहे. (2018 च्या आशियाई क्रीडास्पर्धेत नीरजने 88.06 मीटरने सुवर्णपदक जिंकले तेव्हा त्याचे प्रशिक्षक हेच उवे होन होते. जुन्या वहीतला माणूस नव्या भाल्याचे धडे देत होता.) आमच्या वेळी एसएसएलसीला साठ टक्के पडले की पेढे वाटत. पुढे 625 पैकी 625 मिळवणारी मुले निघाली. म्हणून बापाने मुलासमोर खाली मान घालावी असे नाही, आणि 'आमच्या वेळचे साठ म्हणजे आत्ताचे शंभर' असे म्हणत मुलाचे श्रमही पुसू नयेत.

1991 ची गोष्ट मात्र मला वेगळी वाटते. हंगेरीचा मिक्लोश नेमेट, 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकचा विजेता, पुढे भाले बनवू लागला. त्याने नव्या भाल्याची शेपटी खडबडीत केली आणि गेलेली अंतरे थोडी परत मिळवली. त्या भाल्याने 1990 मध्ये ब्रिटनच्या स्टीव्ह बॅकलीने 90.98 आणि 1991 मध्ये फिनलंडच्या सेप्पो रॅटीने 96.96 मीटर फेकले. हे जागतिक विक्रम म्हणून नोंदले गेले. मग महासंघाने तसल्या भाल्यांवर बंदी घातली, इथपर्यंत ठीक. पण त्यांनी केलेले विक्रमही पुसून टाकले. विक्रम पुन्हा 89.58 वर आला, आणि तो बॅकलीनेच साध्या भाल्याने केलेला होता! बॅकलीचे एका हाताने गेले ते दुसऱ्या हाताने आले. रॅटीला काहीच परत मिळाले नाही. ज्या दिवशी फेकले त्या दिवशी जे चालत होते ते नंतर चालत नव्हते असे ठरवणे, याला मी अन्याय म्हणेन. परीक्षा झाल्यावर अभ्यासक्रम बदलणाऱ्याला आपण काय म्हणतो?

आणि होनवर झालेल्या खऱ्या अन्यायाबद्दल फारसे कोणी हळहळत नाही. सोव्हिएत संघाने लॉस एंजेलिस ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला आणि पाठोपाठ पूर्व जर्मनीनेही. हे मे 1984 मध्येच ठरले होते. म्हणजे जुलैत 104.80 मीटर फेकताना आपल्याला ऑलिंपिकला जायचे नाही हे त्याला ठाऊक होते. इथे कोणाच्या जिवाला धोका नव्हता, कोणता नियम सुधारायचा नव्हता. चार वर्षांपूर्वी मॉस्कोला पलीकडच्यांनी जे केले त्याची परतफेड करायची होती, आणि ती खेळाडूंच्या खिशातून केली गेली. त्याच राज्याने आपल्या खेळाडूंना पद्धतशीरपणे उत्तेजक औषधे दिली, हे पुढे कागदपत्रांतून उघड झाले, आणि 2000 साली बर्लिनच्या न्यायालयात त्या व्यवस्थेच्या प्रमुखांना शिक्षाही झाली. त्या काळातल्या पूर्व जर्मनीच्या प्रत्येक आकड्यावर ती सावली आहे, 104.80 वरही. राज्याने माणसाला वस्तूसारखे वापरायचे ठरवले की ते त्याचे शरीरही वापरते आणि त्याची संधीही.

लॉस एंजेलिसला भालाफेकीचे सुवर्णपदक फिनलंडच्या आर्टो हर्कोनेनने 86.76 मीटरवर जिंकले. जे आले त्यांच्यात तो सर्वांत पुढे होता, त्याच्या पदकाला कोणी नावे ठेवू नयेत. होनला मॉस्कोत भरवलेल्या पर्यायी स्पर्धेत पहिला क्रमांक देण्यात आला. 1985 मध्ये कॅनबेराला त्याने विश्वचषक जिंकला. मग पाठीचे दुखणे सुरू झाले. 1988 च्या सेऊल ऑलिंपिकला पूर्व जर्मनी गेली, पण तोवर होनचे फेकणे संपले होते.