दारं धरताना

31 डिसेंबरची रात्रीची मिस्सा आटोपून संगमनेरहून वस्तीवर आलो, तोच दादाचा फोन. "लाईट एकला यायचीय. दारं धरायला ये, मला एकट्याला उरकायचं नाही."

नव्या वर्षाची सुरुवात चिखलात. कांद्याची लागण होऊन चारच दिवस झाले होते, आंबवणीचं पाणी चुकवून चालणार नव्हतं आणि या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. इस्त्रीचा शर्ट काढला, स्वेटर चढवला, बॅटरी घेतली. बांधापलीकडे ऊस असल्यामुळे मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावून गेलो. बिबट्याला नाताळची गाणी चालतात की नाही ते माहीत नाही, पण आवाज चालतो.

दादा माझा सख्खा चुलतभाऊ नव्हे. आमचे खापरपणजोबा एक. पुढं एका पोराच्या घरी मिशनचे फादर आले आणि दुसऱ्याच्या घरी 1956 नंतर बुद्धवंदना आली. विहीर मात्र अजून सामाईक आहे.

पाट भरून यायला लागला तेव्हा मी खुशीत होतो. म्हणालो, "दादा, या वर्षी ठरवलंय. भांडण नाही, रात्री बातम्या बघत बसायचं नाही. शांत राहायचं. सकाळचं ऊन, आईच्या हातची बाजरीची भाकर, संध्याकाळची जपमाळ. माणसाला आणखी काय लागतं?"

"पाणी लागतं," दादा म्हणाला. "वाफा भरला, दारं मोड."

मी दारं मोडलं. पाणी पुढच्या वाफ्यात शिरलं.

"आज आमच्याकडं शांतिदिन असतो," मी सांगितलं. "सहावे पॉल पोप होते तेव्हापासून, 1968 पासून. दर 1 जानेवारीला साऱ्या जगात शांतीसाठी प्रार्थना."

"आणि मी चारला कोरेगावला निघणार. 1 जानेवारी 1818. तुझी शांती अन् आमची लढाई, एकाच तारखेला."

दादा दरवर्षी भीमा कोरेगावला जातो. नारायणगाव, चाकण, तिथून शिक्रापूरच्या रस्त्यानं. बाबासाहेब 1927 ला तिथल्या स्तंभापाशी गेले होते, ते वर्ष त्याच्या तोंडावर असतं. 2018 ला दगडफेक झाली, गाड्या जळाल्या, तेव्हाही तो तिथं होता. पुढच्या वर्षी घरच्यांनी नको म्हटलं तरी गेला.

मी म्हणालो, "राग मानू नको. पण ती लढाई इंग्रजांची होती. कंपनीच्या पगारावरचे शिपाई."

"हो. आणि तुझे फादर जर्मन होते."

यावर मला हसू आलं, त्यालाही आलं. खरंच होतं. राहुरी तालुक्यातल्या केंदळला येशूसंघाचे जर्मन फादर आले, त्यांतल्या हेन्री डोरिंगनी 1903 ला तिथून 'निरोप्या' मासिक काढलं. आमच्या घराला अक्षरओळख झाली ती त्याच लोकांकडून. मी ते दादाला सांगितलं. तलवारीनं जे झालं नाही ते पाटीपेन्सिलनं झालं, असंही जरा सजवून म्हणालो.

"पाटी मिळाली, खरंय," तो म्हणाला. "दाखला मिळाला का?"

आणि इथं आम्ही अडकलो ते पाच-सहा वाफे अडकलोच. 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश दादाला वकिलासारखा पाठ. अनुसूचित जातीत आधी फक्त हिंदू, 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध आले. ख्रिस्ती अजून बाहेर. "आपला खापरपणजा एकच," तो म्हणाला. "त्याला गावाबाहेर ठेवलं तेव्हा कुणी विचारलं नाही, तुझा एक नातू पुढं कोणत्या देवाला जाणार आणि दुसरा कोणत्या. आता कागदावर मी दलित अन् तू नाही. तुझ्या बहिणीचं नर्सिंगचं काय झालं?"

"आम्ही इतर मागासमध्ये आहोत."

"ते मला माहितीय. मी विचारलं, तिचं काय झालं?"

मी म्हणालो, जात सोडण्यासाठीच तर आपण तिथून निघालो. मग जातीच्या दाखल्यासाठी परत दारात उभं राहायचं का? देवळात कोण कुठल्या जातीचा ते कुणी विचारत नाही. मिस्सेत एकमेकांना शांती देताना शेजारी जो असेल त्याचा हात हातात घेतो.

"हात घेता. सोयरीक कुठं करता?"

दारं मोडायचं राहिलं. पाणी वरंब्यावरून पलीकडं गेलं आणि दोन-चार रोपं उपटून वाहिली. दादानं फावडं घेऊन दारं बांधलं, रोपं बोटानं परत खोचली, बोलला काहीच नाही. मग स्वतःच म्हणाला, "आमच्यातही तेच आहे. तुला एकट्याला नाही म्हणत."

हे त्यानं म्हणायला नको होतं. भांडत राहिला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याच वेळी मला आठवलं की 1972 च्या शांतिदिनाला याच सहाव्या पॉलनी सांगितलं होतं, शांती हवी असेल तर न्यायासाठी कामाला लागा. फादरांच्या प्रवचनात ऐकलेलं. मी ते बोललो नाही, कारण बोललो असतो तर ते त्याच्या बाजूनं पडलं असतं. चर्चेत माणूस किती अप्रामाणिक असतो ते आपल्या गप्प बसण्यावरून कळतं.

त्याऐवजी मी म्हणालो, "दादा, पण सारखं लढून माणसाचं काय उरतं? तू गेल्या वर्षी पोरीच्या वाढदिवसालाही मोर्च्यात होतास. भाकरीची चव लागते का तुला?"

तो बराच वेळ गप्प होता. बॅटरी पाण्यावर धरून म्हणाला, "स्टॅन स्वामी. तुमचेच फादर ना ते, येशूसंघाचे?"

"झारखंडचे."

"कोरेगावच्याच भानगडीत धरलं. कोरेगावला मी कधी गेलोच नाही, असं स्वतः सांगत होते. हात थरथरायचे, पेला धरता यायचा नाही. पाणी प्यायच्या नळीसाठी कोर्टात अर्ज करावा लागला. 2021 ला कोठडीत असतानाच दवाखान्यात वारले. तू म्हणतोस ना साधा आनंद? घोटभर पाणी सरळ पिता येणं, याच्यापेक्षा साधं काय असतं रे? तू किती जपमाळा केल्या त्यांच्यासाठी?"

एकही नाही. बातमी वाचली होती, वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटू नये म्हणून पुढं सरकवली होती. दरवर्षी नव्या वर्षात मी ज्याला शांती म्हणतो ती बहुधा हीच असावी. पण मला हेही त्याला सांगायचं होतं की भाकरीची चव खोटी नाही, सकाळचं ऊन खोटं नाही, त्यासाठी कुणाची माफी मागायची मला गरज वाटत नाही. त्या म्हाताऱ्या फादरांनाही पाणी गोडच लागत असणार. याचा युक्तिवाद कसा करायचा ते मला सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही.

"आपल्या संगमनेरचा अनंत फंदी," दादा एकदम म्हणाला, "लोकांना सांगून गेला, सरळ वाटेनं जावं, वाकड्यात शिरू नये. आणि स्वतः? तमाशाचा फड. म्हणतात, अहिल्याबाईंनी सांगितलं तेव्हा कीर्तनाकडं वळला."

"मग?"

"मग काही नाही. आठवलं."

पावणेचारला लाईट गेली. पाट हळूहळू आटला. दोन वाफे कोरडे राहिले. रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला तसा दादानं पाय धुतले. आईनं बांधून दिलेल्या नाताळच्या करंज्यांचा डबा मी त्याच्या हातात दिला. "येतोस का?" त्यानं विचारलं, अगदी सहज, उसात जायला विचारावं तसं.

"मिस्सा आहे नऊला."

"हा," तो म्हणाला. जीपमध्ये चढल्यावर ओरडला, "मोटर ऑटोवर आहे, बंद करून जा. लाईट आली तर रान तुडुंब होईल!"

मी विहिरीवर गेलो. स्टार्टरच्या पेटीचं झाकण उघडलं. बटणावर बोट ठेवलं, मग काढलं आणि तिथंच पोत्यावर बसलो. दोन वाफे राहिले होते आणि मिस्सेला अजून पाच तास होते.