मुळांचे दिवस

यिर्मया संदेष्ट्याच्या १७ व्या अध्यायांत परमेश्वरावर विसंबणाऱ्या मनुष्यास झाडाची उपमा दिली आहे. पाऊस नसतांही तें झाड हिरवें असतें, कारण त्याचीं मुळें ओलीस पोहोंचलेलीं आहेत.

सूर्यफूल मूळचें उत्तर अमेरिकेचें. तेथील गवताळ मैदानांत मॅक्सिमिलियन नांवाचें बहुवर्षायु सूर्यफूल आपोआप उगवतें, आणि लोक तें घरच्या बागेंतही लावितात. पहिल्या वर्षीं शहाणा माळी त्यावर रोज वरवर पाणी शिंपडीत नाहीं. तो मधून मधून पण खोल भिजवितो, म्हणजे ओलीच्या शोधांत मुळें खालीं उतरतात. त्या वर्षीं फारशीं फुलें नसलीं तरी तो रोप उपटीत नाहीं. मुळें धरल्यावर तें कोरड्यांत तग धरितें, आणि हिवाळ्यांत वरून वाळलें तरी वसंतांत पुन्हां फुटतें.

आपल्या मंडळ्यांत काय दिसतें? उपदेशक गांवीं नसला कीं घरची प्रार्थना बंद पडते. हा दोष केवळ कुटुंबांचा नव्हे. आम्हां उपदेशकांचाही आहे. आम्हीं वहींत बाप्तिस्मे मोजले, मुळें पाहिलीं नाहींत.

म्हणून या आठवड्यांत प्रत्येक घरीं, उपदेशकाची वाट न पाहतां, रात्रीं शास्त्राचा एक भाग वाचावा. ज्या वडिलांस वाचतां येत नाहीं, त्यांनीं मुलाकडून वाचून घ्यावें व स्वतः प्रार्थना करावी.

अवर्षण कोणास चुकलें आहे? त्यापूर्वीचे हे दिवस मुळांचे आहेत. प्रभु आपणां सर्वांस खोल रुजवो. आमेन.