काचेला फुटलेला घाम

जालन्यात पाणी कुठून येईल याचा नेम नाही. पण झोपायच्या खोलीच्या काचेतून येईल, असं कुणाला वाटलं होतं? २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरची वाट पाहिलेली आम्ही माणसं. आता जानेवारीच्या थंडीत खिडक्या गच्च लावून चौघं झोपतो, तर पहाटे काच ओलीचिंब! "काचच खराब," शेजाऱ्यांनी निकाल दिला.

वास्तविक हे पाणी आमचंच. माणूस रात्रभरात श्वासातून नि अंगातून पेलाभर पाणी वाफेच्या रूपानं सोडतो. ती दिसत नाही. खोलीत जे सर्वांत गार, तिथं तिचे थेंब होतात. म्हणजे वाफ चौघांची आणि बदनामी काचेची!

प्रत्येक घरात असं एक गार, सोसणारं माणूस असतं. बाकीच्यांच्या संतापाची वाफ त्याच्यावर जमते, आणि त्याचे डोळे भरले, की आपण म्हणतो, "स्वभावच हळवा!"

मग दोषी कोण? श्वास घेणं हा गुन्हा नाही, गार असणं हाही नाही. पण रोज सकाळी फडकं फिरवलं की कर्तव्य संपलं, असंही नाही. खिडकी बोटभर उघडी ठेवावी. थंडी वाजेल, बरं का! ती चौघांनी वाटून घ्यावी.