परद्रव्य आणि गुप्त खण

लिलावात घेतलेल्या जुन्या लेखनमेजाच्या गुप्त खणात खरीददारास पैशांची थैली सापडली. ती त्याने ठेवून घेतली. इंग्लंडातील ‘मेरी विरुद्ध ग्रीन’ या प्रकरणी १८४१ साली न्यायालयाने निवाडा केला तो असा : आतील द्रव्यही आपण विकत घेतले, असे मानण्यास सबळ कारण नसेल, तर ते बळकावणे ही चोरीच होय. भारतीय करार अधिनियम, १८७२, कलम ७१ हेही सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ठेव सांभाळणाऱ्याचीच जबाबदारी घालते. म्हणजे, मूल्य ज्याचे दिले तेवढेच आपले.

परंतु कायदा पुराव्यापाशी थांबतो, आणि गुप्त खणाला साक्षी नसतो. साधकाची परीक्षा तेथेच. ‘देवाने दिले’ असे म्हणणे म्हणजे स्वतःच्या लोभाचे कर्तृत्व ईश्वरावर ढकलणे होय. सुज्ञाने धन्याचा शोध करावा व ठेव जशीच्या तशी त्याच्या हाती द्यावी.