राखणीचा कुत्रा आणि मालकाची जबाबदारी



बारामती आणि इंदापूर तालुक्यांत अनेक कुटुंबे गावापासून दूर, शेतातल्या वस्तीवर राहतात. डाळिंबाची बाग, विहिरीवरची मोटार, गोठ्यातली जनावरे यांची राखण करायला तेथे कुत्रा लागतोच. शिकार, जनावरे आणि शेती यांसाठी कुत्रा पाळण्यास हदीसमध्ये मुभा आहे. म्हणून येथे प्रश्न कुत्रा पाळण्याचा नाही. माणसावर धावून जाण्यास शिकवलेला कुत्रा मोकळा सोडला आणि त्याने कुंपणाआत शिरलेल्या माणसाला फाडले, तर अल्लाहसमोर जाब कोणी द्यायचा, हा प्रश्न आहे.

मुक्या जनावराने केलेल्या इजेची भरपाई नाही, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचे बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आले आहे. परवानगीवाचून घरात शिरलेल्याला तेथील कुत्रा चावला तर भरपाई लागू होत नाही, कारण आगळीक त्याचीच, असे इमाम इब्न कुदामा यांनीही म्हटले आहे. मग मालक पूर्ण सुटला काय?

सूरह अल-माइदाची चौथी आयत पाहा. शिकवलेल्या कुत्र्याने धन्यासाठी पकडलेली शिकार तेथे हलाल ठरवली आहे. ‘बिस्मिल्लाह’ कुत्रा म्हणत नाही. त्याला सोडताना धनी म्हणतो. म्हणजे शिकवलेल्या जनावराची कृती धन्याच्या इराद्याशी जोडली जाते. पकडलेला ससा आपला आणि फाडलेली मांडी मात्र कुत्र्याची, असा हिशेब कसा मांडता येईल? जनावराला दिलेली माफी त्याला अक्कल नाही म्हणून आहे. त्याला शिकवणाऱ्याला तर अक्कल आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. बागेत शिरणारे सारे शरीअतने एका मापाने मोजलेले नाहीत. भुकेपोटी तेथेच फळ खाणाऱ्या गरजवंतावर दोष नाही, मात्र फळे बांधून नेणाऱ्यावर भरपाई आणि शिक्षा आहे, असा भेद हदीसमध्ये केलेला आहे. गळिताच्या हंगामात ऊसतोड कामगारांची खोपी आपल्या बांधालगत पडतात. पाणी शोधत त्यांचे लेकरू कुंपणाआत आले, तर कुत्र्याला ते आणि चोर सारखेच. जो भेद कुत्र्याला करता येत नाही, तो मालकाने आधीच करायचा असतो. फलक लावल्याने ही जबाबदारी संपत नाही. लहान मुलाला तो वाचता येत नाही.

उस्मानी काळातील ‘मजल्ला’ या फिक्हच्या संहितेत, कलम 929 मध्ये, मारका बैल व चावरा कुत्रा यांविषयी स्पष्ट नियम आहे: जनावर आवरा, असे बजावल्यावरही मालकाने ते मोकळे सोडले, तर नुकसान त्याने भरावे. आपल्या देशाचा कायदाही याच दिशेने जातो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार आपल्या ताब्यातील जनावराबाबत निष्काळजीपणा केल्यास 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुंबईत 2010 मध्ये एका गृहस्थाने, गाडीचे दार उघडू नका, आत कुत्रा आहे, असे विनवूनही मालकाने ते उघडले. कुत्र्याने चावे घेतले. 2023 मध्ये गिरगावच्या न्यायालयाने त्या मालकास 3 महिन्यांची कैद सुनावली. तेथे घुसखोरी नव्हती हे खरे. पण धोका ठाऊक असूनही जनावर मोकळे करणे हा दोष तोच.

‘मग चोराला मोकळे सोडायचे का?’ असे तुम्ही विचाराल. नाही. मालाचे रक्षण हा आपला हक्क आहे. परंतु रक्षणासाठी लागेल तेवढ्याच बळाची परवानगी शरीअत देते आणि कायदाही. कुत्र्याने भुंकून जागे करावे, चोराला आपण धरावे आणि पोलिसांच्या हवाली करावे. कोणाविषयीचा द्वेष तुम्हाला न्यायापासून ढळवू नये, ही कुरआनची आज्ञा चोरालाही लागू आहे.

म्हणून दिवसा कुत्रा बांधून ठेवा. रात्री सोडलाच, तर कुंपण पक्के ठेवा आणि त्याला रेबीजची लस वेळेवर द्या. इतके करूनही कोणाला चावलाच, तर तो चोर की वाटसरू हे नंतर ठरवा. आधी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवा आणि त्याला सरकारी रुग्णालयात पोहोचवा. भरपाई फिक्हने माफ केली असेल, तरी त्याचा जीव वाचवणे माफ केलेले नाही.

अल्लाह आपला माल सुरक्षित ठेवो आणि त्या मालापायी कोणावर जुलूम करण्यापासून आपल्याला वाचवो. आमीन.